घरातलाच माणूस: जोडप्यांच्या भयकथा लिहिणाऱ्यांचे प्रश्न

नवरा-बायको किंवा प्रेमात असलेल्या दोघांमधला विश्वासघात आणि त्यातून जीव वाचवून बाहेर पडणं, या विषयावर लिहिणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. दिवाळी अंकांचं लिखाण सुरू असल्यामुळे असेल, नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पुष्कळ पत्रं आली. अनेकांच्या उपयोगाचे प्रश्न थोडक्यात करून इथे घेतले आहेत.

माझी कथा चार हजार शब्दांची आहे. नवऱ्याचं दुहेरी आयुष्य शेवटी उघड होतं. निम्मे वाचणारे म्हणतात, "आधीच कळलं होतं." उरलेले म्हणतात, "हे कुठून आलं?" खुणा किती पेराव्यात? (कॉलेज रोड)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. खुणा आहेत, पण चुकीच्या जागी पडल्या आहेत. चार हजार शब्दांना तीन खुणा पुरतात. प्रत्येक खुणेला त्या क्षणी पटेल असं दुसरं, साधं कारण असलं पाहिजे. ते कारण नायिकेच्या तोंडून सांगू नका, वाचकाला स्वतःच सुचू द्या.

एक उदाहरण घेऊ. नवरा "पुण्याला जातोय" म्हणून गाडी घेऊन निघतो. फास्टॅग बायकोच्या मोबाइल नंबरवर आहे. दुपारी तिला मेसेज येतो की घोटी टोलनाक्यावर पैसे कापले गेले. पुण्याची गाडी शिंदे टोलनाक्यावरून जाते, घोटी मुंबईच्या वाटेवर. नाशिककराच्या हे लगेच लक्षात येईल, पण सोलापूरच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही. म्हणून घोटीचं नाव पहिल्या पानावर वेगळ्या निमित्ताने येऊन गेलेलं हवं. नायिकेचं माहेर इगतपुरीला ठेवलं की ते सहज येतं.

आता मेसेज लपवायचा कसा? दारात सिलिंडरवाला उभा आहे, कोड मागतोय. तिचे हात कणकेचे आहेत. कोड शोधताना ती तीन मेसेज वर सरकवते: बँकेचा, घोटीच्या टोलचा, मुलाच्या शाळेचा. खूण तिघांच्या मधे ठेवायची. परिच्छेद मात्र सिलिंडरवाल्याच्या सुट्या पैशांवर संपवायचा. टोलचे मेसेज कधीकधी उशिरा येतात, तेव्हा हा गेल्या आठवड्यातल्या फेरीचा असेल असं वाचक मनाशी म्हणतो आणि पुढे जातो.

हे बिघडतं ते नेहमी तीन ठिकाणी. खुणेवर परिच्छेद संपतो. खूण दिसताच नायिकेच्या कपाळावर आठी पडते. किंवा लेखकाला धीर धरवत नाही आणि तो तीच खूण पुन्हा दाखवतो. पहिली खूण पहिल्या हजार शब्दांत येऊ द्या. दुसरी मध्यावर, आणि ती नवऱ्याला निर्दोष दाखवणारी असावी. तिसरी तीन हजारांच्या आसपास, जिथे नायिका आणि वाचक दोघांनाही एकाच वेळी कळतं. कथा तपासायची असेल तर दोन वाचकांना तीन हजार शब्दांवर थांबवा आणि पुढे काय होईल ते लिहून द्यायला सांगा. "आवडली का?" या प्रश्नाच्या उत्तरातून लेखकाच्या हाती काहीच लागत नाही.

माझ्या कथेतला नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. किल्ल्या हलवतो, गॅस चालू ठेवतो. मैत्रिणींना ते बालिश वाटतं. (सातपूर)

त्यांचं बरोबर आहे. वस्तू हलवणं हे या छळाचं सगळ्यांत दुबळं रूप आहे. घरात दोघंच असतील तर दुसऱ्याच वेळी संशय नवऱ्यावर जातो. खरा छळ चालतो तो आठवणींवर, आणि तोही काळजीच्या सुरात.

तो असा उभा करा. आधी एक प्रसंग पूर्ण दाखवा, संवादांसकट. शनिवारी रात्री जेवताना ती म्हणते, "उद्या आईला डॉक्टरांकडे न्यायचंय." तो म्हणतो, "जाऊ की. दहाला निघू." रविवारी जाणं होत नाही, कारण काहीही असो. मग दहा-बारा पानांनंतर, सासूबाई समोर असताना तो हसत म्हणतो, "अगं, तूच म्हणालीस ना, या रविवारी नको, आई मामांकडे जाणारेय? मी तर दहाला तयार होऊन बसलो होतो." यातलं 'दहा' खरं आहे, त्यामुळे बाकीचंही खरं वाटतं. तुम्ही त्यावर एक शब्दही लिहू नका. चांगला वाचक पानं मागे उलटून पाहील. नायिकेजवळ उलटायला पानं नाहीत, आणि तिची कोंडी वाचकाला तिथेच कळते.

हे रोज घडवू नका. तो तिला चार वेळा खरोखरच बरोबर दुरुस्त करतो, पाचव्या वेळी खोटं बोलतो. चार खऱ्यांमुळेच पाचवं पचतं. काळही लागतो. आठवड्याभरात कुणी स्वतःच्या डोक्यावर शंका घेत नाही. गणपतीत सुरू झालेलं संक्रांतीपर्यंत चालू द्या; सणवार आले की महिने आपोआप मोजले जातात आणि "दिवाळीतही तू असंच केलंस" असं म्हणायला त्याला निमित्त मिळतं.

साक्षीदार हवेतच, पण कटात सामील झालेले नकोत. "सूनबाई हल्ली फार विसरते," हे सासू मनापासून, काळजीने म्हणते, म्हणून ते जास्त भयंकर. डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेल्यावर तिच्याऐवजी तोच बोलतो आणि फाइलमध्ये त्याचे शब्द नोंदले जातात. इथे एक चूक फार दिसते: नवरा सही करतो आणि तिला मनोरुग्णालयात टाकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असतो, आणि तो दाखला सुरुवातीला तीस दिवसांपुरताच असतो. नवऱ्याची एकट्याची सही पुरत नाही. दाखल करण्याची नुसती धमकी मात्र पुरते, आणि कथेला तीच जास्त उपयोगी आहे.

शेवटचं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं: हा माणूस पहिल्या पानापासून काळा रंगवू नका. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री दवाखान्यात तोच बसला होता, असं काहीतरी खरं, सिद्ध झालेलं प्रेम कथेत हवं. ते नसेल तर विश्वासघात होणार कशाचा?

शेवटचा पाठलाग द्राक्षबागेत घेतला आहे. ऑक्टोबरची रात्र, दाट पानांत नायिका लपते. (निफाड)

निफाडचा वाचक इथेच कथा बंद करील. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागेत नुसत्या काड्या आणि तारा असतात, लपायला पान नसतं. शिवाय छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागेवरच मुक्कामाला असतात, तेव्हा एकांतही मिळत नाही. पाठलाग डिसेंबरच्या अखेरीला किंवा जानेवारीत न्या. तेव्हा पानोळा भरलेला असतो आणि घडही असतात.

बाग कोणत्या पद्धतीची ते आधी ठरवा. वाय पद्धतीत, म्हणजे इंग्रजी वाय आकाराच्या आधारांवर वेली चढवलेल्या बागेत, दोन ओळींत साधारण नऊ-दहा फूट अंतर असतं आणि ओळ सरळ असते. बॅटरीचा एक झोत टाकला की शेवटपर्यंत दिसतं. एका ओळीतून दुसरीत जायचं तर तारांखालून वाकून जावं लागतं. मांडव पद्धतीत डोक्यावर सलग छत असतं, खाली कुठेही वळता येतं, पण उंच माणसाला मान वाकवूनच धावावं लागतं. नायिका बुटकी आणि नवरा उंच असेल तर मांडव तिच्या बाजूने आहे. ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो, तो कुणाचा ते तुम्ही ठरवा.

थंडीचाही उपयोग करा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की घड वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. लपण्यापेक्षा धुराच्या दिशेने धावणं शहाणपणाचं, कारण जिथे शेकोटी तिथे माणूस. हे तिला ठाऊक असण्यासाठी ती बागाईतदाराच्या घरातली हवी. शहरातून आलेल्या नवऱ्याला धूर म्हणजे नुसतं धुकं वाटेल.

झोपेच्या गोळ्या किती दिल्या म्हणजे माणूस उठत नाही? आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल चालेल का? (इंदिरानगर)

गोळ्यांचं प्रमाण आम्ही छापणार नाही, आणि कथेला ते लागतही नाही. वाचकाला आकडा नको असतो. दुधाला कडवट चव आली, ती "आज दूध नको" म्हणाली आणि तो क्षणभर थांबून म्हणाला, "बरं, मग सरबत करतो," यातून भीती पोचते.

क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस दोन सेकंदांत कोसळतो हे फक्त पडद्यावर घडतं. प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणूस झटापट करतो. डोक्यात फटका बसून तासभर बेशुद्ध राहिलेली नायिका लगेच उठून धावते, तेही खोटं. इतका वेळ शुद्ध हरपली तर मेंदूला गंभीर इजा झालेली असते. ओकारी, चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना अडखळणं हे पुढची कित्येक पानं चालू ठेवावं लागेल.

संशयास्पद मृत्यू दाखवणार असाल तर पुढची रीत माहीत हवी. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन होतंच आणि चौकशी कार्यकारी दंडाधिकारी करतात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. तशी प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे. अहवाल संध्याकाळी हातात पडत नाही, त्याला आठवडे किंवा महिने लागतात. हा वाट पाहण्याचा काळ लेखक वगळतात आणि तिथेच ताण वाया घालवतात. तेराव्याला पंगतीत वाढणारा नवरा आणि अजून न आलेला अहवाल, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

नवरा खोटी सही करून बायकोची दिंडोरीची वडिलोपार्जित दोन एकर जमीन नावावर करून घेतो. पटतं का? (पंचवटी)

खोटी सही पटत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त देणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. तोतया उभा करता येतो, पण मग कथा टोळीची होते, जोडप्याची राहत नाही. त्याहून भेदक काय? ती स्वतः जाते, स्वतः सही करते आणि कशावर ते तिला पुरतं ठाऊक नसतं. "कर्जासाठी बँकेला मुखत्यारपत्र लागतंय" असं सांगून बक्षीसपत्रावर, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या दस्तावर, सही. बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं आणि त्याला दोन साक्षीदार लागतात. त्यांतली एक तिची जिवलग मैत्रीण असेल तर विश्वासघात दुहेरी होतो.

जमीन त्याला ती जिवंत असतानाच का हवी, याचं उत्तरही कायद्यात आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मृताची मालमत्ता वारसाहक्काने मिळत नाही. हे माहीत असलेला नवरा आधी कागद करून घेतो. म्हणजे दस्त नोंदला गेला त्या दिवसापासून तिचा जीव धोक्यात. वाचकाला तारीख कळलेली आहे, तिला नाही.

तिला कळावं कसं? सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे मालकाच्या नावातला बदल, धरण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. नोटीस घरी येते तेव्हा दार कोण उघडतं, हा प्रसंग सोडू नका. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, ऑनलाइन पाहता येते, तोही मार्ग आहे. पंधरा दिवस हे कथेचं आयतं घड्याळ.

नायिका नवऱ्याच्या प्रेयसीवर व्यभिचाराचा गुन्हा दाखल करते. कलम कोणतं लिहू? (सिडको)

कोणतंच नाही. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, आणि त्याआधीही पत्नीला त्याखाली तक्रार करता येत नव्हती. घटस्फोटासाठी मात्र ते कारण आजही चालतं. कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर भारतीय दंड संहितेचे आकडे लिहू नका. खुनाचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे आणि पती वा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचं ४९८-अ तिथे ८५ आहे.

नायिकेला सगळं कळलंय. तरी ती सरळ पोलिसांत का जात नाही, असं प्रत्येक जण विचारतो. तिला घराबाहेर कसं काढू? (नाशिक रोड)

"घाबरली होती" हे उत्तर पुरत नाही. कारण हाताला लागेल असं हवं. पगार जॉइंट खात्यात जातो आणि एटीएम कार्ड त्याच्याजवळ असतं. मुलाची कागदपत्रं त्याच्या लॉकरमध्ये. सगळे नातेवाईक त्याला देवमाणूस मानतात. आणि तिचा फोन तो वाचतो. यांतली दोन कारणं कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, धोका दिसण्याआधीच येऊन गेली पाहिजेत.

फोनचं नीट समजून घ्या. व्हॉट्सॲपला मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. तिच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं की अनोळखी संगणक आणि तो शेवटचा कधी वापरला ते दिसतं. बहुतेक लेखक इथे तिला ते उपकरण काढून टाकायला लावतात आणि चूक करतात, कारण ते बंद पडताच त्याला कळतं की हिला कळलंय. हुशार नायिका ते तसंच राहू देते आणि त्याने वाचावं असं लिहिते: "ताई, शनिवारी येते गं, दोन दिवस राहीन." ती निघते मात्र बुधवारी. तोपर्यंत तिच्यावर पाळत होती, आता त्या पाळतीचा उपयोग ती करते. हा पालट कथेच्या मध्याच्या जरा पुढे येऊ द्या.

निघण्याची तयारी लहान-लहान कामांतून दाखवा. आधार कार्ड, पासबुक, मुलाचा जन्मदाखला, औषधं आणि रोख पैसे, एकेक वस्तू वेगवेगळ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे पोचते. सगळं एकदम बॅगेत भरणारी नायिका पकडली जाते. सर्वांत मोठा धोका निघण्याच्या वेळी आणि त्यानंतरच्या दिवसांत असतो. म्हणून "मी चालले" हे भांडणातलं वाक्य तिच्या तोंडी घालू नका, ते टाळ्यांसाठी लिहिलं जातं आणि तिचा जीव धोक्यात घालतं.

वाटही विचारपूर्वक निवडा. सकाळची मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस गर्दीची म्हणून सुरक्षित वाटते, पण पासवाल्यांचे डबे, जागा, चेहरे ठरलेले असतात. नवरा नोकरदार असेल तर त्याच्या ओळखीचं कुणीतरी भेटणारच. त्यापेक्षा ठक्कर बाजार बसस्थानकाहून आडवेळची धुळ्याची एसटी बरी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा ब्लाउजात दडवलेली पाचशेची नोट पुष्कळ लांब नेते. फोन घरातच ठेवावा की बरोबर न्यावा, यावर तिला एक पूर्ण प्रसंग द्या. घरी ठेवला तर तो तिला घरीच समजेल, पण पुरावे त्याच फोनमध्ये आहेत.

पोलिस आणि कायदा नालायक किंवा तारणहार, असे दोनच रंग नकोत. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे क्रमांक आहेत. सखी केंद्रात तात्पुरता निवारा आणि कायदेशीर मदत एकाच जागी मिळते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळही धरतो आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू होतो. अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत असते. हे तीन दिवस ती कुठे झोपते, कुणाचा फोन उचलते, याचं लेखन फार थोडे करतात. तुम्ही करा.

गोदेच्या पुरात नवरा वाहून जातो असा शेवट आहे. चालेल? (जुने नाशिक)

अचानक लोंढा आला असं लिहू नका. गंगापूर धरणातून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, क्युसेकचे आकडे जाहीर होतात, गोदाघाटावरचे टपरीवाले सामान हलवतात आणि सगळं शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारत असतं. त्यामुळे पूर घड्याळासारखा वापरता येतो: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि दर टप्प्याला घरातल्या दोघांमधलं बोलणं एकेक पायरी पुढे.

पण निसर्गाने खलनायकाला उचलून नेलं की नायिकेच्या हातून काहीच घडत नाही. आधीची शंभर पानं ती जे शिकली, त्यांतलं एक तरी शेवटी तिच्या कामी आलं पाहिजे.

शेवटी तिने त्याला मारावं का? (म्हसरूळ)

मारता येईल, पण कसं आणि कधी याचा कायद्याशी मेळ घाला. स्वसंरक्षणाचा हक्क धोका समोर असेपर्यंतच टिकतो. अंगावर आलेल्या नवऱ्याला मारणं आणि झोपलेल्याला मारणं यांत न्यायालय फरक करतं. झोपलेल्याला मारलंत तर पुढची कथा कोर्टाची होईल, त्यासाठी जागा राखून ठेवा.

आणि मृत्यूच्या ओळीवर थांबू नका. पंचनामा होतो. तिचा जबाब होतो, तोही एकदाच नाही. तिचा फोन जप्त होतो. तिने जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन तिने फेकून दिलेला असेल तर तिची बाजू लंगडी पडते. ज्या सासूने "विसरते हल्ली" म्हटलं होतं, तिचाही जबाब नोंदला जाईल. तो जबाब पूर्ण लिहा, सासूच्याच शब्दांत, आणि तिला खोटं बोलायला लावू नका.